जाताना साडेबारा तास

१२ जानेवारी

दादा,

हे पत्र आणणाऱ्या आजींना आधी बसायला खुर्ची दे. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तुझ्या शहरात आल्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या, आणि मी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली एवढ्याच उपकारावर तुझे तीन जिने चढणार आहेत. सहा महिन्यांत मी तुला चार मेल पाठवले. मेलपुढे गप्प राहून भागतं. धापा टाकत दारात उभ्या असलेल्या म्हातारीला 'माझं त्या घराशी काही नातं नाही' असं सांगून दाखव, मग मी तुला मानेन.

मी पदवीधर झाले. घरातली पहिली. बाबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढी शिकलीस, आता भांडी काय इंग्रजीत घासणार?" आई हसली. तिला हसावंच लागतं. न हसण्याची शिक्षा तुला आठवत असेल.

आता मी विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कार्यालयात आहे. तीन टेबलं, पाणी गळणारा एसी आणि भिंतीवर पाच शहरांची पाच घड्याळं. तिसरं तुझ्या शहराचं. गिऱ्हाईक पासपोर्ट शोधत पिशव्या उपसत असलं की मी त्या घड्याळाकडे बघते. आत्ता दादा दात घासत असेल, आत्ता कामावर निघाला असेल. माणसं खुर्चीत बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती लांब आहे हो?" मी उलट विचारते, अंतर सांगू की वेळ? अंतर बदलत नाही. आपलं शहर आणि तुझं शहर यांच्यात साडेनऊ हजार किलोमीटर. वेळ मात्र बदलते. तिकडे जाताना वारा विमानाच्या तोंडावर असतो, म्हणून साडेबारा तास लागतात. येताना तोच वारा पाठीला हात लावतो आणि अकरा तासांत आणून सोडतो. मालक म्हणतात, "मास्तरीणबाई, गिऱ्हाईकाला तिकीट द्या, भूगोल नको." तू मला मास्तरीण म्हणायचास हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

आता जे सांगायचं ते.

नोव्हेंबरात मी पोलीस ठाण्यात गेले. कलमं पाठ करून गेले होते. मला खरंच वाटत होतं की कायदा लिहिलेला आहे म्हणजे तो आहे. साहेबांनी सगळं उतरवून घेतलं, मला 'बेटा' म्हणाले आणि संध्याकाळी बाबांना बोलावून घेतलं. ठाण्याच्या खिडक्यांच्या जाळ्या बाबांच्याच कारखान्यात झाल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. दोघांनी चहा घेतला. बाबा शीळ घालत घरी आले. आई मशीनवर होती, कुणाच्या तरी गणवेशाची बाही जोडत. बाबांनी तिचा डावा हात धरला, अंगठा सुईखाली ठेवला आणि दुसऱ्या हाताने मशीनचं चाक फिरवलं. सावकाश. आणि विचारत होते, "ठाण्यात कोण गेलं होतं? तू, का ती?"

आई म्हणाली, "मी."

चाक फिरलं. मी ओरडले, "मी गेले होते, बाबा, मी!"

"तुला कोण विचारतंय?" ते म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय ना?"

सुई नखातून आरपार गेली आणि आत तुटली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शिवताना?" बाबा म्हणाले, "लक्षच नसतं हो तिचं." मग आईला हाताला धरून टॅक्सीत बसवलं, दार स्वतः लावलं. बघणाऱ्याला वाटावं, काय जपतो बायकोला.

मी अजूनही त्यांच्याबद्दल 'ते' असंच लिहिते. दुसरं काही लिहायला हात वळत नाही. तू पाठीमागे त्यांना फोरमन म्हणायचास, ते बरं होतं. कामावरही फोरमन, घरीही फोरमन.

मला तुझ्याकडून एक काम हवं आहे. काय ते तू उत्तर दिलंस तर सांगेन. मेल कार्यालयाच्या पत्त्यावरच कर. माझा फोन बाबा रोज तपासतात.

तुझी,
मास्तरीण


५ फेब्रुवारी

दादा,

तुझी एक ओळ आली. 'आईनेच मला घराबाहेर काढलं, आता तिचं तिने निस्तरावं.' मी ती वाचली, पाणी प्यायले, एका कुटुंबाची चार तिकिटं काढली आणि पुन्हा वाचली.

त्या दिवशी मीही घरात होते. बाबांनी गज तुझ्या कानावर घातला. रक्त कॉलरमध्ये उतरलं. मग तू स्वयंपाकघरातली खुर्ची उचललीस आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा मागे सरले. भिंतीला टेकले. तेव्हाचे तुझे डोळे मी पाहिले. आईनेही पाहिले. तिने तुझ्या थोबाडीत मारली, तुझी पिशवी जिन्यावरून खाली भिरकावली आणि 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणून दार लावलं. तू बराच वेळ खाली रस्त्यावर उभा होतास. मी खिडकीतून बघत होते.

दार लागल्यावरचं तुला माहीत नाही. ती दाराला पाठ लावून बसली आणि तुझ्या वाटणीचा उरलेला मार तिने खाल्ला. दोन बरगड्या गेल्या. नंतर मी तिला शेक देत होते तेव्हा म्हणाली, "घरात मारणारा एक आहे तेवढा पुरे. दुसरा मी वाढवायची नाही." तिने तुझा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही, त्या क्षणी तुझ्या जिवाला धोका नव्हताच. तिला तुझे हात वाचवायचे होते.

तर काम असं. आईला दुसऱ्या गावी एका इस्पितळात नोकरी ठरली आहे. तिथल्या कपड्यांच्या खोलीत चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवायचे. राहायला खोली मिळेल. अंगठ्याची पट्टी बदलणाऱ्या नर्सने हे जमवलं. वकीलबाईही भेटल्या आहेत. त्या म्हणतात, आधी त्या घरातून बाहेर पडा, मग बाकीचं मी बघते. पण बाहेर पडायचं कसं? दोनदा निघालो. दोन्ही वेळा कुणीतरी त्यांना कळवलं. दुसऱ्या खेपेला तर ते आमच्या आधी बसस्टँडवर पोचले होते. बाकावर पायावर पाय टाकून बसलेले. "कुठे निघाली सवारी?" म्हणाले. घरी आल्यावर आईच्या तळपायांवर पट्ट्याने मारलं. चालायची हौस आहे ना, म्हणून.

परवा घड्याळांकडे बघताना मला सुचलं. जगात एक जागा अशी आहे जिथे बसलेल्या माणसाला उठून घरी येता येत नाही. दार उघडत नाही, फोन लागत नाही, चालकाला 'वळव गाडी' म्हणता येत नाही. साडेबारा तास! तेवढ्यात आम्ही नव्या गावी पोचून अंथरूण घातलेलं असेल.

त्यांना विमानात बसवू शकेल असं एकच कारण आहे. तुझी माफी. तू स्वतःच्या अक्षरात लिही. 'बाबा, माझं चुकलं. एकदा येऊन माझं घर बघा.' त्यांनी तुझा कान फोडला आणि माफी तू मागायचीस, हे मी मागते आहे. शिवाय पंधरा दिवस त्यांना स्वतःच्या खोलीत ठेवायचं. खोट्याचा मला किती तिटकारा आहे तुला माहीत आहे. परीक्षेत कॉपी करणाऱ्या जिवलग मैत्रिणीचं नाव मी सरांना सांगून आले होते आणि वर्गाने मला वर्षभर वाळीत टाकलं होतं. ती मी, आज तुला खोटं लिही म्हणते.

मास्तरीण


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र पोचलं. बाबांनी तीनदा मोठ्याने वाचलं. "बघा, नऊ वर्षं लागली, पण लेकरू बापाच्या पायाशी आलंच." कारखान्यात नेलं. इतक्या जणांना उलगडून दाखवलं की घडीवर फाटलं. मग आईकडून मागच्या बाजूने चिकटवून घेतलं.

पत्र तू कसं लिहिलं असशील ते मला अक्षरावरून कळलं. 'चुकलं' या शब्दावर पेन कागदातून आरपार गेलं आहे. बाबा म्हणाले, "मनापासून लिहिलंय पोराने, किती जोर दिलाय बघ."

काल ते आमच्या कार्यालयात आले आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीत, माझ्यासमोर बसले. मालकांनी चहा मागवला.

"बोला बाई," बाबा मला म्हणाले, "किती लांब आहे?"

"साडेनऊ हजार किलोमीटर. साडेबारा तास लागतील."

"मधे थांबणारं विमान स्वस्त पडेल," मालक मधेच म्हणाले. "चार तास उतरायचं, पाय मोकळे करायचे, दुकानं बघायची. काय?"

मधे उतरलेला माणूस मागे फिरू शकतो. मी म्हणाले, "बाबा, तुमचे पाय सुजतात. दोनदा चढउतार कशाला? थेटच बरं."

"लेक म्हणतात ती ही," बाबा मालकांना म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले. "पण साडेबारा तास म्हणजे फार झाले हो. एवढा वेळ हिच्या आईला मोकाट सोडायची म्हणजे..."

मालक हसले. शेजारच्या टेबलावरचं नवराबायकोचं जोडपं हसलं. दादा, मीसुद्धा हसले.

परतीचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं काढलं आहे, तारीख न बदलणारं. त्या मार्गावर आठवड्यातून तीनच विमानं आहेत आणि ती आधीच भरून जातात. नवं तिकीट मिळवायचं म्हटलं तरी दोनचार दिवस जातील.

घरी नवी सूटकेस आली. तिची चेन अडकली. आई दोन्ही बाजू दाबून धरत होती, पण तिचा अंगठा आता वाकत नाही. चेन सुटली. बाबांनी सूटकेस उचलून तिचा पत्र्याचा कोपरा आईच्या भुवईवर मारला. रक्त अस्तरावर पडलं तसे ओरडले, "अगं नवी आहे, पूस आधी! डाग राहील." तिने आधी अस्तर पुसलं. मग भुवई.

मास्तरीण


८ मार्च

दादा,

हे पत्र आणणारा मुलगा तिकडे शिकायला आला आहे. त्याला यातलं काही माहीत नाही.

'विमानतळावर जातो' हा तुझा मेल मी छापून घेतला, वाचला आणि मग फाडून टाकला. बाबा येत्या रविवारी सकाळी निघतील. उतरतील तेव्हा तुझ्याकडे दुपार असेल. त्यांचा फोन परदेशात चालत नाही. चालू करून घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही. आम्ही दोघी आमचे फोन बंद ठेवू आणि संध्याकाळच्या बसने निघू.

त्यांना घरी ने, जेवू घाल, शहर दाखव. त्यांना शहरातले पूल आवडतील, लोखंडी काम बघत बसतील. कळल्यावर ते तुझ्यावर हात उगारतील. तू बाहेर निघून जा, पोलिसांना बोलाव, पण त्यांना हात लावू नकोस. हे मी त्यांच्यासाठी सांगत नाही.

मास्तरीण


४ एप्रिल

दादा,

बाबा गेले. पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू वेगळी काही आशा धरणार नाहीस, मग ती कसलीही असो. पोलिसांनी तुला फोनवर एवढंच सांगितलं असेल. बाकीचं मी सांगते.

रविवारी ते वेळेवर गेले. विमानतळावर आईला म्हणाले, "जास्त उडू नकोस, उडणारा मी आहे." स्वतःच्याच विनोदावर हसत आत गेले. आम्ही घरी आलो, बॅगा बांधल्या. बसची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. आणि बघते तर आई मशीनवर. एका मुलीचा लग्नाचा झगा शिवायला आलेला होता, मंगळवारी तिचं लग्न, आणि एक बाही आणि खालची झालर राहिली होती.

"आई, बस चुकेल!"

"लोकांचं कापड कापून पळाली म्हणतील."

"म्हणू देत!"

"आणि त्या पोरीने लग्नात काय घालायचं? तुझी पदवी?"

मी हसले. किती वर्षांनी तिने विनोद केला होता, आणि तोही आवाज न दाबता. मी तिला दोन्ही दंडांना धरून उचलायला हवं होतं. पण मी हिशेब केला. ते अजून हवेत आहेत, उतरतील तेव्हा दादा त्यांना घेऊन जाईल, सोमवारी दुपारची बसही चालेल. एरवी दोन तासांचं काम, पण त्या अंगठ्याने तिला पार सोमवार उजाडला. हिशेब चुकला नव्हता, दादा. तो तुझ्यावर बांधलेला होता.

तुझा मेल रविवारीच आला होता. कार्यालयाच्या पत्त्यावर. रविवारी कार्यालय बंद, सोमवारी मी रजेवर. मी तो आठ दिवसांनी वाचला. 'गेलो होतो. खांबाआड उभा राहिलो. ते बाहेर आले, म्हातारे झालेत, लोकांच्या हातातल्या पाट्यांवर आपलं नाव शोधत होते. माझी पँट ओली झाली. मी पळालो. काहीतरी कर.'

त्यांनी तुझी वाट पाहिली, मग कुणाचा तरी फोन मागून आमचे दोन्ही नंबर लावले. दोन्ही बंद. बाबांना काय कळायचं ते कळलं. ते विमान तिथेच झाडूनपुसून, तेल भरून परत निघतं, हे मला ठाऊक होतं. पण त्यात जागा नसेल असं मी गृहीत धरलं. कुणी एक प्रवासी आला नाही. त्याच्या जागेवर ते पूर्ण भाडं भरून बसले आणि वारा पाठीवर घेऊन आले.

आई झग्यावर शेवटची इस्त्री फिरवत होती. कुलपात किल्ली फिरली. दाढी वाढलेली, विमानातलं निळं पांघरूण खांद्यावर तसंच. त्यांनी आत येऊन कडी लावली, बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठे निघाली सवारी?"

मग माझ्याकडे वळले. "तिकीट तू काढलंस." केस धरून माझं तोंड मशीनच्या कडेवर आपटलं. दोन दात तिथेच पडले. मला भिंतीशी नेऊन गळा धरला. अंगठे इथे, मधोमध. मी त्यांच्या मनगटांना ओरबाडत होते आणि मला त्यांच्या तोंडाला विमानातल्या चॉकलेटचा वास येत होता. पाय जमिनीला लागत नव्हते. डोळ्यांपुढे काळं आलं. आईचा आवाज आला, "अहो, सोडा तिला." अहो म्हणाली, दादा. तेव्हासुद्धा. दुसऱ्यांदा म्हणाली. मग तिने इस्त्री त्यांच्या मानेवर ठेवली.

ते ओरडले आणि मी खाली पडले. त्यांनी वळून तिचे केस पकडले, आणि तिने इस्त्री उचलली नाही. ते मागे मागे जात होते, ती इस्त्रीसकट पुढे. आमच्याच बांधलेल्या बॅगेला त्यांचा पाय अडकला. मशीनच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. आई खाली बसली आणि आधी इस्त्रीचं बटण बंद केलं.

तेच साहेब आले. त्यांना सगळं सरळ दिसतंय. मुलाने बोलावलं, मुलीने तिकीट काढलं, बॅगा भरलेल्या, इस्त्री तापवून ठेवलेली. कट. आई तेव्हापासून कोठडीत आहे. मी जामिनावर.

वकीलबाई म्हणाल्या, "इस्त्री जड असते. हातातून सुटली म्हणा. अंगठाही अधू आहे तुमचा, कोर्ट मानेल."

आई म्हणाली, "सुटली नाही. ठेवली."

"अहो बाई, असं बोललात तर मी काय करू?"

"आणि धरून ठेवली," आई म्हणाली. "तेही लिहा."

मी जन्मभर खरं बोलण्याचा आग्रह धरला आणि तिथे गजांच्या अलीकडे उभी राहून मनात म्हणत होते, आई, एकदाच, एकच वाक्य खोटं बोल. ती बोलणार नाही. म्हणून आता तिने इस्त्री का ठेवली आणि का उचलली नाही, हे कोर्टाला कळायला हवं. मी सांगेन, पण साहेबांच्या कागदावर मीही कटातली आहे. नर्सला अंगठा माहीत आहे, बाकी नाही. त्या घरात काय होतं हे आतून पाहिलेला तिसरा माणूस तूच आहेस. तुझा कान डॉक्टर तपासतील, कशाने फुटला ते विचारतील. तुला ते मोठ्याने सांगावं लागेल. तू हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाहीस, मला माहीत आहे. नाही आलास तर वकीलबाईंच्या मते आई म्हातारी होऊन बाहेर येईल.

तुझा मेल वाचून मी आधी इतकी चिडले की दोन दिवस तुला मनात शिव्या देत होते. मग भेटीच्या वेळी आईला सांगितला. ती म्हणाली, "घाबरला होय? मारलं तर नाही ना त्याने त्यांना?"

"नाही."

"मग झालं," म्हणाली, आणि जाळीपलीकडे भिंतीला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

हे पत्र मालक स्वतः घेऊन येत आहेत. त्यांचं तिकडे काम आहे असं ते म्हणतात. मला वाटतं, त्या दिवशी हसल्याचं त्यांना डाचतं आहे. तुझं तिकीट मात्र मी काढलेलं नाही. आता कुणाला विमानात बसवायचं माझ्याच्याने होणार नाही. यायचं तर तुझं तू काढ. सुनावणी अठरा तारखेला आहे.

कोर्टाची खोली मी बघून आले. साधी आहे. चार बाकं, एक पंखा, वर न्यायाधीशांचं टेबल. खांब एकही नाही. साक्ष देणाऱ्याला सगळ्यांच्या समोर उभं राहावं लागतं. घाबरलास तरी चालेल. त्या दिवशीसारखं झालं तरीही चालेल, मी एक जास्तीची पँट पिशवीत घेऊन येणार आहे. आईने कोठडीतून निरोप दिला आहे की विकतची घेऊ नकोस, घरात करडं कापड पडलं आहे. मला जमेल तशी मीच शिवते आहे.

नऊ वर्षांत तू केवढा झालास आम्हाला माहीत नाही. कंबर किती, तेवढं कळव.

मास्तरीण